गडगडचे कान आणि गाडीतला बारीक सूर

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक जुनी गाडी उभी आहे. रंग एके काळी निळा असावा. दारं सगळी उघडी. पुढच्या दारातून दोन पाय बाहेर आलेत. पायांत मोजे आहेत आणि बूट खाली नीट जोडून ठेवलेत. उरलेला माणूस डॅशबोर्डच्या खाली उताणा पडला आहे. मागे दुकानाची भिंत, आणि भिंतीवर वेगवेगळ्या गाड्यांतून उपसून काढलेले स्टिरिओ, जिभा बाहेर काढल्यासारख्या वायरी लोंबत असलेले. वेळ दुपारची. एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बाई चहा पितेय. तिला या प्रवेशात फारसं काम नाही. ती मी.

पाय ज्याचे, त्याची ही गोष्ट.

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे गडगड म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी मॅनेजर घ्यायचा तेवढंच. वीज कडाडली, घोडा आला, दारावर थाप पडली, दूर कुठे आगगाडी गेली, की ते सगळं गडगडने केलेलं असायचं. आम्ही पुढे तोंडाला रंग फासून टाळ्या घ्यायचो आणि हा विंगेत अंधारात पत्र्याची मोठी शीट हलवत उभा असायचा. पत्रा हलवणं सोपं वाटतं. मी एकदा हलवून पाहिला, तर स्वयंपाकघरात ताट पडल्यासारखा आवाज आला. गडगडने हलवला की मागच्या रांगेतली माणसं छत्री आणली का ते चाचपायची.

पाऊस तो चाळणीत वाटाणे फिरवून पाडायचा. आग लागली तर कागद चुरगाळायचा. पुढे टेप आला तेव्हा बाकीचे जुने लोक नाक मुरडत राहिले, गडगडने मात्र तो टेप उघडून आत काय आहे ते आधी पाहिलं. मग सुट्टीच्या दिवशी यंत्र खांद्याला लावून आवाज गोळा करत हिंडायचा. शाळा सुटताना, रिकाम्या जिन्यावर, बंद पडलेल्या गिरणीत. कुणी विचारलं काय करतोस, तर म्हणायचा, दारं गोळा करतोय. त्याच्याकडे नुसत्या दारांचे आवाज एक कॅसेट भरून होते. त्यात रागावून आपटलेलं दार वेगळं आणि वाऱ्याने आपटलेलं वेगळं.

आता त्याच्या स्वभावातली एक गाठ सांगते. पुढे तिचं काम पडणार आहे.

एका नाटकात मी राणी होते. शेवटच्या अंकात मी शाप देण्यासाठी हात वर करायचा आणि त्याच क्षणी वीज कडाडायची. एका प्रयोगाला मी हात वर केला आणि काहीच झालं नाही. टेप बॅटरीवर चालत होता आणि बॅटरीने नेमका तोच मुहूर्त साधून मान टाकली होती. मी हात वर करून उभी. प्रेक्षागृह चिडीचूप. कुणीतरी खोकलं. मग विंगेतून धडाम असा आवाज आला, त्यामागे 'आई गं' असं अगदी स्पष्ट. गडगडने कपड्यांच्या लोखंडी ट्रंकेला लाथ घातली होती. पायाचं बोट सुजलं, पण शाप लागला.

त्या दिवसापासून गडगडचा बॅटरीवरचा विश्वास जो उडाला तो उडालाच. त्याची कुठलीही वस्तू भिंतीतल्या प्लगला जोडलेली असणार म्हणजे असणारच. दाढीचं यंत्र, हातात धरायचा रेडिओ, मोबाइल, सगळं शेपटीसकट. त्याची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो, ती म्हणते की लग्नानंतर हा मला एकदा फिरायला घेऊन गेला तेव्हाही प्लग शोधत होता.

आता गाडी. कंपनी बंद पडली तेव्हा मालकांची ही गाडी गडगडकडे आली. तिच्यात कारखान्यातूनच बसवून आलेला स्टिरिओ आहे, रेडिओ आणि कॅसेटचा. डॅशबोर्डच्या वळणात अगदी घट्ट बसणारा, रात्री आकडे हिरवे दिसणारा. त्याच्या जागी आजकालचा कुठलाही चौकोनी स्टिरिओ बसवायचा तर डॅशबोर्ड कापावा लागतो. आणि गडगड म्हणतो, याचा आवाज गोल आहे. आवाज गोल म्हणजे काय हे मी त्याला कधीच विचारलं नाही. तो सांगायला बसला असता.

कॅसेटी हळूहळू गेल्या. काहींच्या फिती गुंतल्या, काही उन्हाने वाकड्या झाल्या. मग त्याच्या मुलीने सगळ्या जुन्या फिती कुणाकडून तरी उतरवून घेतल्या आणि काडेपेटीएवढ्या एका प्लेअरमध्ये भरून वडिलांना दिल्या. पाऊस, जिना, गिरणी, शाळा, सगळी दारं. एवढं सगळं खिशात मावतं म्हटल्यावर गडगड दोन दिवस त्या काडेपेटीकडे नुसता बघत होता. मग त्याच्या डोक्यात आलं की हे गाडीत वाजायला हवं. कारण गाडीत लोक गाणी ऐकतात, हा आवाज ऐकतो. बाहेर रखरखीत ऊन आणि आत मुसळधार पाऊस अशी ही दोघं वहिनीच्या बहिणीकडे जातात. वहिनीला विचारलं, कंटाळा येत नाही का, तर म्हणाली, यांच्याशी बोलण्यापेक्षा पाऊस बरा.

पण जुन्या स्टिरिओला बाहेरून काही जोडायची जागाच नाही. मग शोधाशोध सुरू झाली, आणि गडगडला शोधाशोध म्हणजे तालमीसारखी प्रिय.

आधी त्याने सिगारेट लायटरच्या भोकात बसणारं एक बोंडूक आणलं. ते प्लेअरमधला आवाज रेडिओच्या लहरीवर सोडतं आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. छान चाललं होतं. एका चौकात सिग्नलला शेजारी दुसरी गाडी येऊन थांबली, तिच्यातही तसंच बोंडूक असावं. गडगडच्या गिरणीच्या आवाजात अचानक एक बाई वजन कमी करण्याचे उपाय सांगू लागली. त्याने काच खाली करून त्या गाडीवाल्याला विचारलं, आमची गिरणी तुमच्याकडे आली का? तो माणूस सिग्नल सुटायच्या आत निघून गेला.

मग आली खोटी कॅसेट. दिसायला कॅसेटच, पण आत फीत नाही, एका बाजूने वायर निघते. ती प्लेअरला जोडायची आणि कॅसेट स्टिरिओत घालायची. स्टिरिओला वाटतं, चला, कॅसेट आली. ही कल्पना गडगडला फारच आवडली. सोंग घेतलेली कॅसेट! पण मधूनच स्टिरिओला संशय यायचा, फीत संपली असं समजून तो तिला बाहेर थुंकायचा. शिवाय आतली चक्रं फिरताना कुरकुर व्हायची. ती फक्त त्याला ऐकू यायची. पावसात उंदीर आहे, म्हणाला.

तेव्हा त्याला वायरवाली सापडली. गाड्यांच्या स्टिरिओचं हे दुकान तिचं. पन्नाशीची, केस वर बांधलेले, केसांतच स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. गाडी बघून ती पहिल्यांदा म्हणाली, काका, काढून टाका हा, नवीन बसवून देते. गडगडने तिच्याकडे असं पाहिलं की तिने विषय बदलला. मग तिने दोन पातळ पट्ट्या स्टिरिओच्या कडांना घालून तो अलगद बाहेर ओढला आणि त्याच्या पाठीवरचं एक खाच असलेलं भोक दाखवलं. त्या काळात पैसेवाले लोक डिकीत सीडींचा डबा बसवून घ्यायचे, त्यासाठीची ही जागा. तिथून प्लेअर जोडता येईल. पण नुसती वायर लावून भागत नाही, कारण हा स्टिरिओ मागे खरोखर डबा आहे का ते विचारतो. डबा 'हो' म्हणाला तरच दार उघडतो. म्हणून मधे एक छोटी चकती बसवायची, जी डब्याच्या वतीने 'हो' म्हणते.

'म्हणजे प्रॉम्प्टर,' गडगड म्हणाला, आणि तिथल्या तिथे बूट काढून डॅशबोर्डखाली शिरला. पडदा उघडला तेव्हा तुम्ही पाहिलेत ते हेच पाय.

काम झालं. दुकानाच्या अंगणात, गाडी बंद असताना, प्लेअर जोडला आणि शाळा सुटली. सगळी पोरं त्या गाडीतून बाहेर पडल्यासारखा आवाज. वायरवालीनेही हातातलं काम थांबवलं. गडगडचा चेहरा मी ट्रंकेला लाथ बसली त्या दिवसानंतर एवढा उजळलेला पाहिला नव्हता.

आणि आठवड्याभरात तो माझ्याकडे आला तो चेहरा पडलेला घेऊन.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे, नव्या मुलांच्या एका नाटक मंडळीची दिग्दर्शिका त्याच्या मागे लागली होती. तिला नव्या नाटकात सगळे आवाज जुन्या पद्धतीने हवे होते आणि ते करायला खुद्द गडगड हवा होता. त्याने उत्तर दिलं नव्हतं. दुसरी म्हणजे, तो का देत नव्हता. वहिनीच्या आग्रहाने कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता आणि त्यांनी सांगितलं होतं की वरचे बारीक सूर आता तुम्हाला ऐकू येत नाहीत, आणि या वयात कान कधी कधी स्वतःच आवाज तयार करतात, घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यावर माणूस घाबरतोच.

आता गाडीत, इंजिन चालू असताना, पावसाच्या मागे त्याला एक सूर ऐकू येत होता. बारीक, सूं असा. वहिनीला येत नव्हता. मुलीला नेलं, तिलाही नाही. तेव्हा तो माझ्याकडे आला.

'राणीसाहेब, चला. ऐका आणि खरं सांगा,' म्हणाला. त्या नाटकापासून मी त्याची राणीसाहेबच आहे.

गाडीत बसलो. मी जीव कानांत गोळा केला. मला गाडी ऐकू आली. गाडीसारखी गाडी. मी तसं सांगितलं. त्याने चढणीवर गाडी नेली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

'आता चढला. आता बघा, उतरला. इंजिन वेगळं आणि हा वेगळा.'

मी म्हटलं, अरे, अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढतो-उतरतो म्हणजे तो गाडीचाच असणार. तुझ्या कानाला काय ठाऊक तू पाय कधी दाबतोस ते?

'पाय माझाच आहे ना,' तो म्हणाला. 'पाय दाबला की सूर चढणार हे माझ्या डोक्याला आधीच माहीत असतं. डोकं स्वतःच वाजवत असेल तर?'

घराशी गाडी थांबवून त्याने चावी काढली. मग म्हणाला की सूर कानातला असेल तर त्या नाटकवाल्या पोरीला नाही म्हणून सांगणार. नाटकात सगळे शांत असतात तेव्हा नसलेला आवाज ऐकणारा माणूस विंगेत बसवत नाहीत.

वहिनीने दारातूनच ऐकलं. 'तुमचे कान जुने आणि गाडीही जुनी. दोघं आपापसांत बोलत असतील, तुम्ही कशाला मधे पडता?' ती म्हणाली. पण रात्रीचं जेवण तिने त्याच्या आवडीचं केलं होतं हे मी वास घेऊन ओळखलं.

प्रेक्षागृहात कुठून तरी घोंघों ऐकू यायला लागलं की गडगडची एक पद्धत असायची. एकेक वस्तू काढत जायची. दिवा काढला, आहे का? पंखा काढला, आहे का? ज्याच्या जाण्याने आवाज जाईल तो चोर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तीच पद्धत लावायची ठरवली, पण एका अटीवर. काय काढतात ते त्याने बघायचं नाही. पायही त्याचा नसायला हवा.

म्हणून पुन्हा तेच दुकान, तेच अंगण. वायरवाली आधी ऐकेचना. तिने एकदा ऐकून पाहिलं आणि म्हणाली, काका, इंजिनचा आवाज आहे तो, गाडी आहे ही, स्टुडिओ नाही. पण गडगडने मागच्या सीटवर बसून डोळ्यांवर वहिनीची ओढणी बांधून घेतली तेव्हा तिला हसू आवरेना, आणि हसू आलं की माणूस तयार होतोच. वहिनी ड्रायव्हरच्या जागी बसली. तिला गाडी चालवता येत नाही, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबता येतो, आणि लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबायला मिळाला म्हणून ती खूश होती. मी पुढच्या दुसऱ्या सीटवर. वायरवाली माझ्या गुडघ्यांवरून डॅशबोर्डशी वाकलेली. प्लेअरमध्ये काही लावलं नव्हतं. स्टिरिओ चालू, आवाज मोठा, पण आत शांतता.

इंजिन सुरू झालं.

'आहे,' मागून गडगड म्हणाला.

वायरवालीने दिवे बंद केले.

'आहे.'

पंखा बंद केला. आहे. तिने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि एक बटण दाबल्याचा नुसता टक आवाज केला, काहीच न करता. आहे. वहिनीने मनानेच पाय दाबला. 'चढला.' पाय सोडला. 'उतरला.' दोन-तीनदा वहिनीने त्याला फसवायला पाहिलं, अर्धवट दाबून सोडला, पण मागून बरोबर तेच उत्तर आलं. तरी यात काय मोठंसं, इंजिन तर आम्हालाही ऐकू येत होतं. वहिनीच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढ्यात गेलं होतं. तिला कळून चुकलं होतं की नवरा जर शेवटपर्यंत 'आहे'च म्हणत राहिला, तर या अंगणातून तो वेगळाच माणूस होऊन घरी जाणार.

वायरवालीला आता प्लेअरची आवाजाची वायर काढून बघायची होती. पण हात जाईना, कारण मधे दुसरी एक वायर आडवी येत होती. लायटरच्या भोकातून प्लेअरला जाणारी, चार्जिंगची. ती अडचण म्हणून तिने नुसती उपटली.

'गेला,' गडगड म्हणाला.

वायरवालीने वायर परत लावली.

'आला.'

काढली. गेला. लावली. आला. मग तिने लावल्यासारखं केलं आणि लावली नाहीच. मागे शांतता. बऱ्याच वेळाने गडगड म्हणाला, 'काय चाललंय? काहीच नाहीये.'

वायरवालीने वायर खरी लावली आणि दारातल्या स्पीकरच्या जाळीला कान चिकटवला. वहिनीला खुणेने पाय दाबायला सांगितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं.

'अहो, आहे की,' ती म्हणाली.

मग आम्ही सगळ्यांनी एकेक करून त्या जाळीला कान लावले. एकदा कळल्यावर तो सूर इतका स्पष्ट होता की आधी ऐकू कसा आला नाही याचंच नवल वाटलं. आम्ही तो गाडीच्या आवाजात जमा करून टाकला होता, एवढंच. गडगडला काही जमा करता येत नाही, त्याला सगळं सुटंसुटं ऐकू येतं.

वायरवालीने मग समजावून सांगितलं. चार्जिंगची वायर आणि आवाजाची वायर, दोन्ही शेवटी गाडीच्या पत्र्यालाच जाऊन मिळतात. दोन्ही एकाच वेळी प्लेअरला लावल्या की एक गोल रिंगण तयार होतं आणि गाडीत वीज तयार करणारं जे यंत्र इंजिनाबरोबर फिरतं, त्याचा सूर त्या रिंगणातून फिरून स्पीकरमध्ये येतो. खोट्या कॅसेटीत वायर थेट जोडलेली नव्हती, म्हणून तेव्हा तो नव्हता. अंगणात इंजिन बंद होतं, म्हणून तेव्हाही नव्हता. मधे एक डबी बसवली तर जाईल, म्हणाली. पण आजवर ही तक्रार तिच्याकडे कुणी आणली नव्हती, कारण बाकीची माणसं प्लेअर घरी चार्ज करतात आणि गाडीत नुसता वाजवतात.

'भरलेल्या प्लेअरला तुम्ही कशाला हो कायम चार्जिंगला लावून ठेवता?' तिने विचारलं.

गडगडने डोळ्यांवरची ओढणी काढली. त्याच्याऐवजी वहिनी बोलली. 'बाई, ती ट्रंकेची मोठी गोष्ट आहे. म्हणजे कानात दोष नाही तर. दोष स्वभावात आहे, आणि तो मला लग्नापासून ऐकू येतोय.' एवढं बोलून तिने तोंड वळवलं आणि गाडीचा आरसा त्याच ओढणीने पुसायला घेतला, जो स्वच्छच होता.

गडगड गाडीतून उतरला. दुकानाच्या पायरीवर बसला आणि दारातल्या प्लगला फोन जोडून लगेच त्या दिग्दर्शिकेला लावला. येतो म्हणाला. डॉक्टर काय म्हणाले तेही त्याने तिला आधीच सांगून टाकलं, की फार बारीक आवाज आता जातात, नाटकात पक्षी असतील तर ते तपासायला तरुण कान लागतील, पण त्याखालचं सगळं तो बघेल. पलीकडून ती काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. बहुधा तालमीच्या जागेत प्लग लांब आहेत, बॅटरीवर चालणारं छान यंत्र आणते, असं काहीसं असावं. कारण गडगडने मान वर करून गाडीकडे पाहिलं, जिच्यात चार्जिंगची वायर आता सुटी लोंबत होती, आणि मोठ्या मायेने फोनवर तिला म्हणाला,

'पोरी, गाडीत बॅटरी चालेल, तिथे कुणी तिकीट काढून बसलेलं नसतं. तुझ्याकडे मला भिंतीतलाच प्लग लागेल.'